वैद्यकाच्या कपाटातलं पुस्तक

रत्नागिरीत संसार या विषयाचा एवढा सखोल अभ्यास केलेला, आणि त्या अभ्यासाचा स्वतःला काडीचाही उपयोग न झालेला माणूस माझ्या पाहण्यात एकच, आणि ते म्हणजे आमच्या वहिनीचे काका. त्यांना नाव-आडनाव होतं, बंदर खात्यातली कारकुनी करून मिळालेली पेन्शन होती, परटवण्यात चार माडांचं आवार आणि कौलारू घर होतं. पण आमच्या घरात ते जन्मभर 'वहिनीचे काका'च राहिले. ज्याचे ते चुलतसासरे, तो माझा थोरला भाऊसुद्धा त्यांना तसंच म्हणायचा. बायको वारली तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि काकांनी वाचनालयातून कामशास्त्रावरचा एक प्राचीन ग्रंथ घरी नेला. या वाक्याला तुम्हाला जे हसू आलं असेल, तेच हसू पन्नास वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाच्या सभेत पसरलं होतं. त्या हसण्यात मीही होतो. मी आता सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. ती सभा पाहिलेलं माझ्याखेरीज कोणी उरलेलं नाही, म्हणजे मी गप्प राहिलो तर जे खोटं लिहून ठेवलंय तेच खरं म्हणून राहील. म्हणून लिहितो आहे.

काकांनी लहानपणी मालगुंडच्या एका शास्त्रीबुवांकडे संस्कृत केलं होतं आणि बंदरावर बोजांच्या पावत्या लिहितानाही ते पुटपुटत रूपं म्हणत, असं त्यांचे सहकारी सांगायचे. त्या ग्रंथाबद्दल त्यांचं मत ठाम होतं. लोक समजतात ते त्यात दोन आणे आहे, असं ते म्हणत. उरलेले चौदा आणे म्हणजे घर कसं ठेवावं, पाहुण्याशी काय बोलावं, रुसलेल्या माणसाला कसं मनवावं, आणि मुख्य म्हणजे समोरचं माणूस माणूस आहे हे कसं विसरू नये. वाचनालयात हे पुस्तक वैद्यकाच्या कुलूपबंद कपाटात, मूळव्याधीवरच्या एका पुस्तकाला टेकून उभं होतं. काकांनी त्याविरुद्ध लेखी तक्रार केली होती. पुस्तक बाहेर काढून पाकशास्त्राच्या पुस्तकांशेजारी ठेवावं, दोन्ही विषयांत घाई केली की करपतं, असं त्या अर्जात लिहिलं होतं. अर्ज 'दप्तरी दाखल' झाला. दाखल करणारा सहचिटणीस मीच.

काकांचा खरा घोटाळा झाला तो चौसष्ट कलांमुळे. सुसंस्कृत माणसाला चौसष्ट कला याव्यात असं त्या शास्त्रात सांगितलेलं आहे. ते वाचून दुसरा माणूस पान उलटतो. काकांनी यादी करून माजघराच्या भिंतीवर डकवली आणि एकेक कला घ्यायला सुरुवात केली. पाण्याच्या भांड्यांवर वाजवायची एक कला आहे, तर त्यांनी घरातले सगळे पितळी तांबे, वाट्या, पातेली पडवीत मांडून, कमीजास्त पाणी भरून चमच्याने वाजवायला घेतली. आवाज ऐकून शेजारच्या बाई आपली चार पातेली घेऊन आल्या आणि कल्हईवाला कुठे बसलाय विचारू लागल्या. सुगंधी उटणं करण्याची कला त्यांनी सुरंगीच्या फुलांवर आजमावली. ते अंगाला लावून देवळात निघाले, तर मधमाशांनी त्यांना देवळापर्यंत पोचवलं आणि पुन्हा घरापर्यंत आणलं. कोंबडे झुंजवणं हीसुद्धा एक कला आहे म्हणून दोन कोंबडे आणले, आणि त्या दोघांची अशी मैत्री जमली की ते सकाळपासून एकाच पायरीवर एकमेकांना टेकून बसत. काका हताशपणे म्हणायचे, "पुस्तकात या परिस्थितीवर काही नाही."

पोपटाला बोलायला शिकवणं ही मात्र त्यांना साधलेली कला. पण लोक पोपटाला राम-राम शिकवतात, काकांनी एकच वाक्य शिकवलं: "जेवलीस काय गो?" सहा महिने त्यांनी दुसरं काही शिकवलं नाही. पोपट येईल त्याला ते विचारायचा. पोस्टमनला विचारायचा, नगरपालिकेच्या भल्या मोठ्या मिशांच्या जप्तीवाल्याला विचारायचा, गटारावर बसलेल्या कावळ्याला विचारायचा. आम्ही पोट धरून हसायचो. काका हसायचे नाहीत. ते पोपटाकडे बघत बसायचे, जणू त्याचं उच्चारण अजून थोडं हळुवार व्हायला हवं आहे.

त्यांची एकच इच्छा होती. आमच्या वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेत त्यांना या विषयावर एकदा बोलायचं होतं. दरवर्षी ते अर्ज देत, दरवर्षी कमिटी पुढच्या वर्षी बघू म्हणे. पाच वर्षं असं झाल्यावर, बहुधा अर्ज वाचून कंटाळूनच, त्यांना एक संध्याकाळ दिली. विषय मात्र बदलून 'प्राचीन भारतीय गृहजीवन' असा केला. काकांची हरकत नव्हती. उलट तेच खरं नाव आहे म्हणाले. त्यांनी नवा कोट शिवायला टाकला. भाषण चाळीस पानी लिहून काढलं आणि रोज सकाळी पायरीवरच्या दोन कोंबड्यांसमोर उभं राहून म्हणून दाखवायला लागले. आमच्याकडे ते दर रविवारी जेवायला येत, तेव्हा आमटीचा भुरका मारता मारता आईला विचारत, "विहीणबाई, बायका येतील ना हो ऐकायला? खरं म्हणजे पुरुष आले पाहिजेत. पण बायका येतील ना?" आई पदर तोंडाला लावायची.

आता माझ्यावर येतो. त्याच वर्षी मार्गशीर्षात माझं लग्न झालं. मुलगी वेळणेश्वरची. संक्रांतीला म्हणून ती माहेरी गेली आणि परत आली नाही. दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. चूक माझी होती, आणि ती काय होती हे मी इथे जितकं मर्यादेने लिहिता येईल तितकं लिहितो: तिच्याशी चार वाक्यं बोलायच्या आधीच मी तिचा नवरा झालो होतो. तिला काय वाटतं, भीती वाटते का, हे विचारायचं असतं हेच मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नाही. घरात हे कोणाशी बोलणार? वडील कमिटीवर, भाऊ गंभीर. मी एका दुपारी परटवण्यात गेलो. पोपटाने मला जेवलीस का विचारलं. काकांनी काही विचारलं नाही, नारळ फोडला, खोबरं दिलं, आणि मी आपोआप बोलत गेलो.

सगळं ऐकून ते म्हणाले की त्या शास्त्रात नव्या नवरीबद्दल एक स्वतंत्र प्रकरण आहे. लग्नानंतर तीन दिवस तर हातसुद्धा लावायचा नाही. जवळ बसायचं, बोलायचं, गाणं ऐकायचं. पुढेही तिचा विश्वास बसेपर्यंत घाई नाही. घाई केलेल्या मुलीच्या मनात त्या माणसाची भीती बसते आणि ती जात नाही. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी हे कोणीतरी लिहून ठेवलंय आणि ते आपण मूळव्याधीशेजारी कुलपात ठेवलंय, असं म्हणून ते जरा चिडले. मी विचारलं, "पण आता उशीर झाला ना काका? लग्नाला तीन महिने होत आले."

ते म्हणाले, "मेल्या, ते तीन दिवस कधीही सुरू करता येतात. समोरचं माणूस जिवंत असलं म्हणजे झालं."

मला ते पुस्तक वाचायचं होतं, पण न्यायची लाज. कपाटाची एक किल्ली माझ्याकडेच असे. तरी ग्रंथपाल वडिलांच्या रोजच्या बसण्याउठण्यातले, संध्याकाळपर्यंत बातमी घरी. काकांनी पुस्तक आपल्या नावावर घेतलं आणि भाजीच्या पिशवीत, वर माठाची जुडी ठेवून, मला आणून दिलं. मी ते पंधरा दिवस वाचलं. आणि वाचता वाचता समासात पेन्सिलीने लिहीत गेलो. वाचनालयाच्या भिंतीवर 'पुस्तकात काहीही लिहू नये' ही पाटी लावलेली होती, ती माझ्याच अक्षरातली. तरी लिहिलं. 'हे जमले नाही.' 'यास धीर कोठून आणावा?' 'तिला फुले आवडतात का? विचारणे.' आणि त्या नव्या नवरीच्या प्रकरणाच्या शेवटी: 'हे आधी कळले असते तर.'

मग मी वेळणेश्वरला गेलो. काकांनी मला सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, करायला बसवलं होतं, माळा गुंफणं हीदेखील चौसष्टातली एक. जयगडला तरीत बसून खाडी ओलांडेपर्यंत फुलं मलूल झाली होती. सासुरवाडीच्या पडवीत मी तो वळेसर तिच्यापुढे धरला आणि ठरवलेला प्रश्न विचारला, की तुला कुठली फुलं आवडतात. तिने वळेसर घेतला आणि लांब धरला. मग म्हणाली, "ओवळं, बकुळीची. सुरंगीच्या वासाने माझं डोकं दुखतं." लग्नानंतर ती माझ्याशी आपणहून बोललेलं ते पहिलं लांब वाक्य. मी तिथे तीन दिवस राहिलो. चौथ्या दिवशी ती माझ्याबरोबर निघाली. मी इतका आनंदात होतो की घरी आल्या आल्या पुस्तक काकांना नेऊन दिलं, त्यांनी ते न उघडता वाचनालयात भरलं, आणि पेन्सिलीचं लिहिलेलं खोडायचं राहून गेलं.

व्याख्यानाला तीन आठवडे होते. कमिटीवर एक निवृत्त मामलेदार होते. हा गृहस्थ बोलणार तरी काय, हे आधी बघून ठेवावं म्हणून त्यांनी ते पुस्तक कपाटातून काढलं आणि उघडलं. दुसऱ्या दिवशी तातडीची सभा. मी नेहमीसारखा टेबलाच्या कोपऱ्यात इतिवृत्ताची वही घेऊन बसलो, कारण माझं अक्षर चांगलं. वडील समोरच्या खुर्चीत. काकांना बोलावून घेतलं होतं. ते नवा कोट घालून आले होते, त्यांना वाटलं व्याख्यानाच्या तयारीची सभा आहे.

मामलेदारांनी एकेक शेरा खणखणीत आवाजात वाचला. 'हे जमले नाही' ला हशा. 'धीर कोठून आणावा' ला मोठा हशा. माझे वडील हसले, आणि त्यांना हसताना पाहून मीही हसलो. त्या हसण्यापायीच हा लेख मी पन्नास वर्षं लिहिला नाही. मग 'तिला फुले आवडतात का' वाचलं गेलं आणि हसणं थांबलं. बायको जाऊन सात वर्षं झालेल्या माणसाची ही 'तिला' कोण, असा प्रश्न मामलेदारांनी केला. ते म्हणाले, "बोला की. पुस्तक शेवटचं तुमच्याच नावावर गेलं होतं ना?"

"होतं," काका म्हणाले.

"मग हे अक्षर तुमचं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी वहीवर होतो; ज्या अक्षरात समासात लिहिलं होतं त्याच अक्षरात, फक्त शाईने, 'सदर सभासदाचे आक्षेपार्ह शेरे' असं लिहीत होतो. वही तिथे उघडी, पुस्तक तिथे उघडं, भिंतीवर पाटी. कोणीही मान वळवून बघितलं असतं तर कळलं असतं. कोणी पाहिलं नाही. सगळे काकांच्या तोंडाकडे बघत होते. काकांनी पुस्तक मागून घेतलं, पानं उलटली, शेवटच्या शेऱ्यावर थांबले. मग जन्मात पहिल्यांदा मला अहोजाहो करून म्हणाले, "सहचिटणीस, एवढं वाक्य नीट उतरवून घ्या. 'हे आधी कळले असते तर.' हे माझं आहे."

मी उतरवून घेतलं.

माझ्या गप्प बसण्याला मी पुढे चांगलं नाव शोधलं. बायको नुकतीच परत आली होती, बोललो असतो तर तिची गोष्ट गावभर झाली असती, असं मी स्वतःला सांगत आलो. त्यात खरं असेल तर दोन आणे. बाकी चौदा आणे एवढंच, की लोक मला हसले असते.

व्याख्यान रद्द झालं. शिवाय सभासदाने स्वतः वाचनकक्षात बसून सर्व शेरे खोडून द्यावेत असा ठराव झाला, आणि खोडरबर सहचिटणीसांनी पुरवावा असंही त्यात होतं. मी पुरवला. काका तीन दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर बसून ओळ न् ओळ खोडत होते, मधूनच पानावर फुंकर मारत होते. वर्तमानपत्र वाचायला येणारे मुद्दाम त्या टेबलावरून जात. पहिल्या दिवशी मी खोडरबर दिला तेव्हा ते हळूच म्हणाले, "चांगला आहे रे रबर. मागमूस राहायचा नाही बघ." माझं अक्षर पुसलं जातंय, हे मला तेव्हा कळलं. आणि मला हायसं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे.

गावाने ती 'तिला' शोधायला फार कष्ट घेतले. आमच्या वहिनीला मासळीबाजारात टोमणे बसू लागले, काकांना कोणतं फूल देऊ म्हणून. आईने एका शनिवारी वहिनीला सांगितलं की उद्यापासून काकांना निरोप पाठवू नकोस, घरात नवी सून आहे. त्या नव्या सुनेला माहेरून कोणी परत आणलं हे घरात फक्त मला ठाऊक होतं. मी ताटावर होतो, मी भात कालवला. काकांचं रविवारचं पान त्या दिवसापासून मांडलं गेलं नाही. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. म्हणजे किती रविवार, ते मी एकदा काढायला बसलो आणि अर्ध्यात सोडलं.

एकदा मी गेलो होतो सांगायला. पडवीत बसलो, "काका, त्या सभेत," एवढं म्हटलं, तर ते म्हणाले, "अरे ते जाऊ दे. त्या तांबड्या कोंबड्याच्या पायाला काहीतरी झालंय, जरा बघतोस?" मी कोंबडा धरला, त्यांनी हळद लावली, आणि मी तसाच परत आलो. मला ते टाळायचंच होतं आणि त्यांनी ते ओळखलं. पुस्तकात लिहिलेलं नाही असं सौजन्य त्यांच्याकडे बरंच होतं.

ते गेल्यावर पोपट वहिनीने आमच्याकडे आणला. आम्ही जेवून पान लावत बसायचो आणि स्वयंपाकघरात बायका वाढून घेत असायच्या, तेव्हा नेमका तो ओरडायचा, "जेवलीस काय गो?" एका दुपारी मी हसलो. वहिनी हसली नाही. म्हणाली, "भाऊजी, माझी काकू रोज तीन वाजता जेवायची. काका बंदरावरून येऊन, जेवून, झोपून उठले तरी तिचं व्हायचं नाही. एकतीस वर्षांत त्यांनी तिला कधी हे विचारलं नाही. ती गेली, पुस्तक वाचलं, मग कळलं. मग कोणाला विचारणार? पोपटाला शिकवलं." तेव्हा मला त्या चौसष्ट कलांचा, तांब्यावाट्यांचा, माळांचा उलगडा झाला. ज्या परीक्षेचा दिवस उलटून गेला, तिचा ते रोज अभ्यास करत होते. आणि सभेत त्यांनी म्हटलेलं 'हे माझं आहे' हे मला वाचवण्यासाठीचं खोटं वाक्य असं मी धरून चाललो होतो, तेही तसं नव्हतं.

मागच्या महिन्यात वाचनालयातून फोन आला. पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवताहेत. तिथल्या ग्रंथपाल मुलीने विचारलं की वैद्यकाच्या कपाटातल्या एका जुन्या पुस्तकाची पानं घासून विरली आहेत, ते बाद करायचं का, तुम्ही जुने कमिटीवाले म्हणून विचारते. मी काठी टेकत गेलो. खिडकीजवळच्या त्याच टेबलावर तिने ते मला दिलं. समास सगळे कोरे होते, कागद इतका घासलेला की पलीकडचं दिसावं. नव्या नवरीच्या प्रकरणाच्या शेवटी मात्र रबर आजूबाजूने जपून फिरवलेला होता आणि मध्ये माझी पेन्सिल जशीच्या तशी: 'हे आधी कळले असते तर.'

मी कमिटीला अर्ज दिला की पन्नास वर्षांपूर्वीचं इतिवृत्त दुरुस्त करावं. अध्यक्ष सभ्य आहेत. म्हणाले, कायम झालेलं इतिवृत्त बदलता येत नाही आजोबा, तुम्ही वार्षिक अंकात लिहा. म्हणून इथे लिहितो. त्या पुस्तकातले सर्व शेरे माझे होते. त्यातली 'तिला' म्हणजे माझी बायको. वहिनीचे काका निर्दोष होते, आणि रत्नागिरीचं एक व्याख्यान ऐकायचं राहिलं ते माझ्यामुळे. फक्त शेवटचा शेरा कोणाचा, हे आता मला खात्रीने सांगता येत नाही. पुस्तक बाद करू नये आणि जमल्यास पाकशास्त्राशेजारी ठेवावं, एवढी विनंती आहे.

हे लिहून झाल्यावर काल दुपारी बायकोला वाचून दाखवलं. तिच्या परवानगीवाचून देणं बरं नव्हतं. ती ओवळं ओवत बसली होती, शेवटपर्यंत मान वर केली नाही. मी म्हटलं, चालेल ना? तिने दोऱ्याला गाठ मारली.

"चालेल," ती म्हणाली. "पण अहो, आपल्याकडचं त्यांचं पान बंद झाल्यावर, ती नऊ वर्षं त्यांना जेवलात का म्हणून कोण विचारत होतं?"